माझ्या हातची मोटार उलटीच फिरायची

आधीच सांगून टाकते, मी मोटारी भरणारी बाई आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची आणि नवीन तार भरायची, हे माझं काम. बाकी भूतखेत, करणी, नजर... यातलं काही मी कधी मानलं नाही. दुकानाला शनिवारी लिंबू-मिरची बांधायला एकजण येतो. त्याला मी दर वेळी म्हणते, "बाप्पा, आमच्या इथं चारशे चाळीसचा करंट आहे. भूत आलं तर तेच चिकटून मरन."

इथले लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारी वाचते, मोटारीचं वार्निश वाळेपर्यंत. बरेचदा हसूच येतं, राग मानू नका. पण माझ्याकडेही एक गोष्ट आहे आणि ती लिहिल्याशिवाय आता राहवत नाही. जे झालं तेच सांगते, तिखटमीठ लावणार नाही.

आमचं दुकान देवळीला, पुलगाव रोडला लागलं की डाव्या हाताला टिनाचं शेड. दुकान माझ्या सासऱ्यांचं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. पंचक्रोशीत 'मिस्त्री' म्हटलं की मामाजीच, दुसरं नाव सांगावं लागत नसे. आमचे हे घरगुती फिटिंगवाले, पंखे आणि ट्यूबलाईट. मोठ्या मोटारीत त्यांचं मन कधी रमलं नाही. मी लग्न होऊन आले, रिकामी बसवत नव्हतं, तर मामाजी म्हणाले, "ये व बाई, कॉइल गुंडाळून पाह्य." गावातल्या बायांनी नाकं मुरडली. सहा महिन्यांत मी अख्खी मोटार भरायला लागले. पुढे साईटवरही जायला लागले, मामाजींच्या गाडीवर मागे पान्यांची पेटी घेऊन.

थ्री फेज म्हणजे काय, हे मामाजींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जत्रेतल्या चक्रीवरून. "चक्रीभोवती तीन माणसं उभी कर. पह्यल्यानं ढकललं, मंग दुसऱ्यानं, मंग तिसऱ्यानं. फिरते का नाई चक्री? आता त्यातल्या कोण्याबी दोघायले जागा बदलाले लाव. ढकलाचा नंबर तोच, फक्त जागा बदलल्या. चक्री उलटी फिरते." तसंच आहे हे. लाल, पिवळी, निळी अशा तीन तारा. करंटचा धक्का एकीनंतर एक येतो आणि मोटार त्या धक्क्यामागं धावते. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की तीच मोटार उलटी धावते.

आता गंमत अशी की नवीन जागी कुठल्या तारेचा नंबर कितवा, हे नुसतं पाहून कळत नाही. मामाजी म्हणत, "रंगावर भरोसा ठेवू नको. रंग रबराले असते, करंटाले नाई." रस्त्यात कुणी जोड दिला असेल, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लाईनमननं तारा बदलल्या असतील. म्हणून निम्म्या वेळा मोटार उलटी फिरणारच, नाणं उडवल्यासारखं. त्यात भूत नाही, काही नाही.

त्यासाठीच मामाजींचा एक नियम होता. तारा जोडल्या की मोटार मशीनला जोडणारा पट्टा चढवायच्या आधी झटका द्यायचा. म्हणजे हिरवं बटन दाबून लगेच लाल दाबायचं आणि मोटारीच्या मागचा पंखा कुठल्या अंगाला वळतो ते पाहायचं. उलटा वळला तर दोन तारा बदलायच्या. सरळ वळला तर खडूनं मोटारीवर बाण काढायचा आणि मगच पट्टा चढवायचा. खडूचा तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम. सासूबाई कपडे धुताना त्या खडूला शिव्या घालायच्या.

तर त्या दिवशी आम्ही एका जिनिंगमध्ये होतो. नाव सांगत नाही. कापसापासून सरकी वेगळी झाली की ती एका लांब लोखंडी पन्हाळीतून पुढे सरकते, आत मोठा स्क्रू फिरत असतो. त्या स्क्रूची मोटार आम्ही भरून नेली होती. जानेवारी महिना, माझ्या मुलीचं शाळेत गॅदरिंग, तीन वाजता तिचा नाच. आजोबा येणार म्हणून आठ दिवस तिनं घर डोक्यावर घेतलेलं. आम्हा दोघांचाही जीव घड्याळात.

मामाजी स्टोअरमधून पट्टा आणायला गेले आणि मी तारा जोडत असतानाच लाईन गेली. मी स्क्रू आवळले, रंगाला रंग लावला, डबा बंद केला. झटका द्यायला लाईन कुठं होती! थांबायचं तर तास जातो की दोन तास, कोण सांगणार. मामाजी परत येत होते, पंधरा-वीस फुटांवर होते. तिथूनच त्यांनी साध्या आवाजात विचारलं,

"पाह्यलं काय व बाई?"

मी म्हणाले, "हो मामाजी, पाह्यलं."

एवढंच. तीन शब्द. मामाजींनी पट्टा चढवला. मी खडू मागितला, बाण काढला आणि आम्ही निघालो.

मुलगी नाचली. मामाजींनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की बाजूची माणसं वळून पाहत होती. आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लाईन आली होती, ऑपरेटरनं बटन दाबलं होतं आणि स्क्रू उलटा फिरला होता. पन्हाळीच्या मागच्या टोकाला नामदेव म्हणून एक कामगार हात घालून अडकलेली सरकी काढत होता. स्क्रू त्या टोकापासून लांब ओढतो, म्हणून तिथं हात घालायची सगळ्यांचीच सवय. त्या दिवशी स्क्रूनं त्या टोकाकडे ओढलं. नामदेवचा उजवा हात कोपरापर्यंत गेला.

आम्ही पोचलो तेव्हा जिनिंगच्या आवारात पन्नास माणसं जमली होती. मामाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "झटका देऊन पाह्याचं राह्यलं. मिस्त्री मी हावो. चूक माही." कुणीतरी म्हणालं, म्हातारा झाला, नजर गेली आता. मामाजींनी होकारार्थी मान हलवली. आणि मी... मी उभी राहिले गप्प. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. माझीच मला लाज वाटते हे लिहिताना.

त्यानंतर मामाजींना साईटवर कुणी बोलावलं नाही. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी धुळीला मिळालं. कामं माझ्याकडे येत राहिली, "मिस्त्रीले नका आणू, तुमीच या" म्हणून. मामाजी दुकानात कोपऱ्यात बसून जुनी तार सोलत राहायचे. आम्ही दोघं दिवसभर एका शेडमध्ये, चहा एकत्र, डबा एकत्र, पण एकमेकांच्या डोळ्यात पाहणं बंद झालं. मी रोज ठरवायची, आज सांगते. दोन वर्षं रोज ठरवलं. मग ते साध्या तापाचं निमित्त होऊन गेले आणि सांगायचं राहिलंच.

त्यांची तेरवी आटोपली आणि तिथून हे सुरू झालं.

पहिली मोटार केळझरच्या बाजूला एका विहिरीवर. तारा जोडल्या, झटका दिला... उलटी. बदलल्या, सरळ. ठीक आहे, होतं. दुसरी पिठाच्या गिरणीत, उलटी. तिसरी डाळ मिलमध्ये, उलटी. सातवी-आठवी झाली तेव्हा आमचे हे हसायला लागले. म्हणाले, "तुह्या हातालेच उलटं वळण हाय. लग्नात उखाणाबी उलटाच घेतलता." मीही हसले.

बारा झाल्या तेव्हा मी हसणं बंद केलं. दुकानाच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागले. म्हटलं, चला, डोकं लावू. मनात येईल त्याच्या मुद्दाम विरुद्ध जोडू लागले. उलटीच. वर्ध्याहून फेजचा क्रम दाखवणारं मीटर आणलं. मीटर म्हणे सरळ, मोटार फिरे उलटी. तारा बदलल्या की मग गुमान सरळ चालायची. कुणाचं काही नुकसान नाही. फक्त पहिला झटका, माझ्या हातचा, उलटा. भिंतीवर तेवीस रेघा झाल्या.

आता इंजिनियर मंडळी म्हणतील की एक फेज गायब असेल, मोटार तशी कुठल्याही बाजूला सुटू शकते. मान्य. प्रत्येक वेळी तिन्ही फेज तपासले, तिन्ही हजर. डीपीवर कुणी तारा बदलल्या म्हणाल, तर गावातल्या सगळ्याच मोटारी उलट्या फिरायला हव्या होत्या. शेजारची गिरणी नीट चालू होती, उलटी फक्त माझी.

शेवटी एका दुपारी, दोन वाजता, लख्ख उन्हात, मी ह्यांना दुकानात उभं केलं. टेबलावर पाच एचपीची मोटार बोल्टनं पक्की. दुकानातली लाईन तर कायम तीच, त्यात नाण्याचा प्रश्नच नाही. मी बटन दाबलं, उलटी फिरली. बंद केलं, पंखा पूर्ण थांबू दिला. म्हटलं, "आता तुमी दाबा." तारेला हात लावला नाही. त्यांनी दाबलं, सरळ फिरली. मी दाबलं, उलटी. ते, सरळ. मी, उलटी.

ह्यांच्या कपाळावर घाम आला. तारा ओढून पाहिल्या, स्टार्टर उघडून पाहिला, पुन्हा लावला. तेच. दोन तारा बदलल्या की मोटारीचं फिरणं बदलतं हो, बटन दाबणारा हात बदलल्यानं नाही! माझ्या वीस वर्षांच्या कामात मी असं ऐकलं नाही, पाहिलं नाही.

हे खाली स्टुलावर बसले, मामाजींच्याच. म्हणाले, "तू बाबाले काई सांगाचं ठेवलं काय?"

मी हात पुसले. शटर अर्धं ओढलं आणि चालत बसस्टँडकडे गेले.

नामदेव आता बसस्टँडजवळ फुटाण्यांची गाडी लावतो. कागदाचा पुडा छातीशी दाबून एका हातानं वळतो आणि दातानं दोरा ओढतो. इतकी वर्षं मी त्या गाडीवरून जाताना पदर पुढे घेऊन निघून जायची. त्या दिवशी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. की मामाजींनी विचारलं होतं, मी खोटं बोलले, पंखा पाहिला नव्हता, हात माझ्यामुळे गेला.

त्यानं चाळणी खाली ठेवली. मला वाटलं शिवी देईल. द्यायलाच हवी होती.

"मले माईत हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"मिस्त्री आलते ना माह्या घरी. मी दवाखान्यातून आलो त्याच्या पंधरा दिवसानं. आंगनात बसले, पानीबी नाई पेले. मले म्हणे, 'नामदेव, सून म्हणे पाह्यलं, अन् मले ठावं होतं का तिनं नाई पाह्यलं. त्या टायमाले लाईनच नव्हती. तरी मी पट्टा चढवला. मलेबी नातीच्या नाचाले जायाचं होतं.'"

मी तिथंच गाडीची दांडी धरली.

जिनिंग कधी पाहिलंय का तुम्ही? लाईन असली की आत कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, बाया खुणांनी बोलतात. आणि मामाजींनी मला पंधरा-वीस फुटांवरून, साध्या आवाजात विचारलं होतं. मी तेवढ्याच साध्या आवाजात उत्तर दिलं होतं. अख्खं जिनिंग चिडीचूप होतं म्हणूनच ते बोलणं झालं. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या कानात होतं आणि ही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी समजत होते की त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. ते तर स्वतःचीच चूक कबूल करत होते.

मी विचारलं, "मग मला का नाही बोलले? दोन वर्षं समोर बसून होते."

"म्याबी हेच म्हटलं. काऊन नाई सांगत सुनेले? तं म्हणे, 'कसं सांगू? तिले वाटन का म्हातारा आता आपल्यावर ढकलून राह्यला.'" नामदेवनं चाळणी उचलली. "तुमी दोघंबी सारखेच निंगाले. एका छपराखाली बसून एकमेकाले घाबरत राह्यले. अन् हात कोनाचा गेला, तं माहा."

मी म्हटलं, "मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

"माफ-बिफ नाई करत मी," तो सरळ म्हणाला. "रोज सकाळी शर्टाची बटनं बायको लावून देते. ते माफ होते काय? पन आले, बोलले, बरं झालं. जा आता, गिऱ्हाईक उभं हाय."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जेवायलाही समोर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत जिनिंगमध्ये आले. तिथल्या मॅनेजरला, जुन्या ऑपरेटरला, चहावाल्याला, ज्यांनी ज्यांनी 'म्हाताऱ्याची नजर गेली' म्हटलं होतं त्या सगळ्यांना मी तोंडानं सांगितलं. मिस्त्रींची नजर गेली नव्हती, मी खोटं बोलले होते. मामाजींनी ठाऊक असून पट्टा चढवला, तेही सांगितलं, कारण त्यांनी स्वतः ते लपवलं नव्हतं. काही कामं त्यानंतर तुटली. जाऊ दे. ज्याचं नाव होतं त्याला परत द्यायला मी फार उशीर केला, हेच खरं. ऐकायला ते कुठं होते?

पंधरा दिवसांनी पुन्हा केळझरकडच्या एका शेतात मोटार बसवायची होती. तारा जोडल्या. झटका दिला आणि पंख्याकडे पाहिलं.

सरळ.

मी थांबू दिला, पुन्हा दिला. सरळ. तिसऱ्यांदा दिला. शेतमालक घाबरून जवळ आला. "काऊन रडून राह्यल्या ताई? मोटार तं बराबर फिरून राह्यली ना?"

काय सांगू त्याला.

त्यानंतर मी रेघा मारणं चालू ठेवलं आहे. एक सरळ, दोन उलट्या, परत सरळ, परत उलटी. आता बरोबर निम्म्या-निम्म्याच्या आसपास चाललंय, नियमाप्रमाणे, नाणं उडवल्यासारखं. टेबलावरची मोटारही मी दाबो की हे दाबोत, एकाच बाजूला फिरते. त्या तेवीस रेघा कशाच्या होत्या, हे मला कळलेलं नाही. इथं कुणी जाणकार असतील तर सांगा, मी वाद घालणार नाही. आमचे हे म्हणतात, बाबा तुला पाहायला लावत होते. मी मानत नाही. मी अजूनही असलं काही मानत नाही.

पण एक खरं आहे. त्या उलट्या फिरणाऱ्या दिवसांत मला शेडमध्ये एकटं कधी वाटलं नाही. आता वाटतं. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं असतं आणि कुणी काही विचारत नाही. तरी मी प्रत्येक मोटारीला झटका देते, पंखा पाहते, खडूनं बाण काढते आणि पट्ट्याला हात लावायच्या आधी मोठ्यानं म्हणते, "पाह्यलं, मामाजी. खरंच पाह्यलं."